डाव्या बाजूने विचारलेला प्रश्न

४ जुलै

प्रिय भुतू,

अनेक आशीर्वाद.

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. लहानपणी पिठात लोळून तू गिरणीच्या दारात उभी राहायचीस आणि आलेलं गिऱ्हाईक दचकायचं, तेव्हापासूनचं हे नाव. पाकिटावर मात्र तुझं खरं नाव घातलं आहे, नाहीतर पोस्टमन दचकायचा.

पत्ता आत्याकडून मिळवला. देण्याआधी तिने मला बजावलं, "जुनं काही उकरून काढणार असशील तर देणार नाही." मी म्हटलं, "आत्या, मी सध्या लोकांच्या कानातला मळ काढायला शिकतोय. दुसरं काही उकरायला वेळ नाही." तिला वाटलं थट्टा करतोय. पण ते खरं आहे.

आपली गिरणी दोन वर्षांपूर्वी बंद झाली. लोक आता तयार पिठाच्या पिशव्या घेतात. बंद झाल्यावर मी घरात बसून तुझ्या वहिनीच्या प्रत्येक कामात लक्ष घालू लागलो. ती एक दिवस म्हणाली, "एक तर तुम्ही बाहेर पडा, नाहीतर मी पडते." त्याच आठवड्यात चष्म्यासाठी मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. तिथे फळ्यावर कागद लावलेला होता : श्रवण तंत्रज्ञ, एक वर्षाचं शिक्षण, दहावी पास, वयाची अट नाही. म्हणजे लोकांचे कान तपासायचे, कोणाला किती ऐकू येतं ते कागदावर मांडायचं आणि गरज असेल त्याला श्रवणयंत्र बसवून द्यायचं. गावच्या शाळेतली माझी दहावी तीस वर्षांनी कामाला आली.

वर्गात आम्ही अकरा जण. बाकीचे दहा माझ्या मुलांच्या वयाचे. मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडमही माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण त्याही काकाच म्हणतात, त्यामुळे मला रागावताना त्यांची पंचाईत होते.

तळमजल्यावर एक छोटी खोली आहे. भिंतींना जाड मऊ थर, दार तिजोरीसारखं, समोर काच. पेशंटने आत बसायचं, आपण काचेबाहेर यंत्रापाशी. पहिल्या दिवशी मला आत बसवून दार लावलं, तेव्हा मी घाबरलो. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी सगळं आयुष्य इंजिनाच्या धडधडीत काढलं. देवाचं नावही त्या धडधडीतच घेत आलो. त्या खोलीत मनात नाव घेतलं, तर ते एकटंच उभं राहिलेलं ऐकू आलं. डोळे भरून आले. बाहेरून मॅडमनी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "फार बरं वाटतंय."

आम्ही एकमेकांचे कान तपासून शिकतो. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. खूण कागदावर जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. माझ्या निळ्या फुल्या सरळ चालल्या होत्या, आणि एका जागी धपकन खाली आल्या, रस्त्यात खड्डा असावा तशा. मॅडमनी विचारलं, "काका, काम काय करत होता?"

"पिठाची गिरणी."

"यंत्र कोणत्या हाताला यायचं?"

डाव्या. मी जिथे उभा राहायचो तिथेच माझ्याआधी बाबा एकतीस वर्षं उभे होते. इंजिनाचा पट्टा डाव्या कानाला.

हे तुला का लिहितोय, असं तू म्हणशील. लग्नाच्या आधल्या आठवड्यात तू गिरणीत येऊन बाबांना विचारलंस, "बाबा, माझ्या लग्नाला याल ना?" आणि ते काही न बोलता पुढचा डबा ओतत राहिले. तू थांबलीस, मग निघून गेलीस. त्याला एकोणीस वर्षं झाली. मी त्या वेळी मागच्या अंगणात पोती झटकत होतो. मला ते नंतर आत्याने सांगितलं.

तो खड्डा पाहिल्यापासून तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही, एवढंच.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तब्येत ठणठणीत. तुझ्या मुलीला आशीर्वाद.

तुझा
दादा

१९ ऑगस्ट

प्रिय भुतू,

पत्राचं उत्तर आलं नाही. यावं असा आग्रह नाही. पत्राचं एक बरं असतं, ते ऐकायला कान लागत नाहीत आणि नको असेल तेव्हा घडी करून ठेवता येतं.

आज माझी चूक सांगतो. सगळा वर्ग दोन दिवस हसत होता.

आमच्याकडे पेशंट आला की आधी एक कागद भरायचा. त्यात पहिलाच रकाना, तक्रार, पेशंटच्या किंवा घरच्यांच्या शब्दांत. गेल्या सोमवारी एक घड्याळजी आजोबा आणि त्यांच्या पत्नी आल्या. मी आजींना विचारलं, "काय त्रास आहे?"

"हे माझं ऐकत नाहीत."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे तेव्हापासून ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं हो! सगळं येतं. ऐकत नाहीत."

मी इमानाने लिहिलं, 'ऐकत नाहीत.' आजोबा माझ्याकडे पाहून गोड हसले. त्यांना आमच्यातलं काही कळलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्यांना आत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं, हे खुणेने समजावलं. मी बाहेरून एकेक बारीक सूर सोडत गेलो आणि ते प्रत्येक सुराला बटण दाबत गेले. बारीक, त्याहून बारीक, एकही चुकला नाही. लाल गोल आणि निळ्या फुल्या दोन्ही कागदाच्या वरच्या टोकाला, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. मी आजींकडे जाऊन म्हटलं, "यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

आजी ताडकन उठल्या. "बघा! मी म्हटलं नव्हतं? सोंग! नुसतं सोंग!" आणि आजोबांचा दंड धरून त्यांना घेऊन गेल्या.

मॅडमनी कागद पाहिला. "सरळ रेषा? या वयात? काका, माझीसुद्धा अशी येत नाही." मग म्हणाल्या, "मी आत बसते. मला तपासा."

मी पहिला सूर सोडला. त्यांनी आतूनच हात केला : थांबा. बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही मान हलवता."

खरंच हलवत होतो. गिरणीत पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहायची आणि 'हं, झालं' म्हणून मान हलवायची, ही माझी जुनी सवय. सूर सोडला की मान आपोआप हले, आणि आजोबा काचेतून माझी मान पाहून बटण दाबत होते. जन्मभर घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा पाहिलेले डोळे ते.

मी रस्त्यावर धावत गेलो. दोघं कोपऱ्यावरच्या बाकावर होती. आजी बोलत होत्या, आजोबा रहदारी पाहत होते. मी हात जोडून परत आणलं. या वेळी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. खुणा उतरत उतरत कागदाच्या तळाशी गेल्या. आजोबांनी प्रामाणिकपणे विचारलं, "आता मान का हलवली नाही? मला वाटलं तीच खूण आहे."

आजींनी कागद हातात घेऊन पाहिला. मग मला हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी जे जे बोलले ते सगळं..."

"जाड आवाजातलं थोडं पोचलं असेल."

"जाड आवाजात मी फक्त भांडले हो."

आजोबांनी मला विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी काही सांगायच्या आत आजी खुर्ची सरकवून त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, पण मला कळलं की ते माझ्यासाठी होतं. "ऐकत नाही, ही घरच्यांची तक्रार. ऐकू येत नाही, हा आपला निकाल. या दोन्हींच्या मधे ती काचेची खोली आहे. त्या खोलीत नीट तपासल्याशिवाय कोणावर शिक्का मारायचा नाही."

सोंग हा शब्द माझ्या कानातून जात नाही. मीही तो एकदा एका माणसाबद्दल मनात वापरला आहे. त्याच्याविषयी आज लिहीत नाही. हात थांबतो.

दादा

११ ऑक्टोबर

प्रिय भुतू,

परीक्षेसाठी प्रत्येकाला एक पेशंट पहिल्या तपासणीपासून यंत्र बसेपर्यंत सांभाळायचा असतो. मी बाबांना न्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं.

"मला काय झालंय?" ते म्हणाले. "हल्लीचे लोक पुटपुटतात."

तुझी वहिनी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "बाबा, तुमच्या मुलाला पेशंट मिळत नाहीये. तुम्ही नाही गेलात तर नापास होईल."

"असं होय? मग सरळ सांगायचं. त्याला पास करायला हवं म्हणून."

वाटेत बसमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "मुलाची परीक्षा आहे, पेपर मी देतोय."

मी पाठ करून बसलो. मान आवरली. एकेक सूर सोडताना मनात देवाचं नाव घेत होतो. बाबांनी बटण दाबावं म्हणून नव्हे, कागदावर जे खरं आहे तेच उतरावं म्हणून.

उजवा कान अर्धा शाबूत आहे. डाव्याच्या निळ्या फुल्या अगदी तळाला, दोन-तीन तर कागदावर मावल्याच नाहीत. त्या कानाजवळ कोणी टाळी वाजवली तर त्यांना वारा लागेल, आवाज नाही. मॅडमनी विचारलं, लहानपणी कान वाहायचा का. बाबा म्हणाले, "डावा. दरवर्षी वाहायचा." मॅडम म्हणाल्या, तो आधीच दुबळा, त्यात इंजिनाचा मार दोन्ही कानांना, आणि हा कान पट्ट्याच्या बाजूला. आजचं दुखणं नाही हे, पंचवीस-तीस वर्षांचं आहे. घरात निभावून गेलं असेल, कारण ओठ पाहून त्यांना बरंच समजतं.

ओठ. तू त्या दिवशी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होतीस. इंजिन चालू होतं. आणि तू ओढणी नाका-तोंडावर बांधली होतीस, गिरणीत आल्यावर आपण सगळेच बांधायचो तशी.

तपासणी झाल्यावर आम्ही रुग्णालयाच्या उपाहारगृहात चहा घेतला. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. बाबा बशीत चहा ओतत होते. आपणहून म्हणाले, "त्या बाई विचारत होत्या, कधीपासून कमी ऐकू येतं. मला काय ठाऊक? जे ऐकू आलं नाही ते आलं नाही हे माणसाला कळणार कसं?"

त्यांनी बशी फुंकली.

"पोरीचंच बघ. स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं म्हणून मी चार दिवस फुगलो, कबूल आहे. पण म्हणून बोलवायचंही नाही? बापाला? एका शब्दाने बोलावलं असतं तर मी गेलो नसतो का?"

भुतू, पुन्हा वाच. एकोणीस वर्षं तू समजतेस की तू बोलावलंस आणि बाबांनी उत्तर दिलं नाही. एकोणीस वर्षं बाबा समजतायत की तू त्यांना बोलावलंच नाहीस.

दादा

१२ ऑक्टोबर

भुतू,

कालचं पत्र पाकिटात घालून पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते अर्धंच आहे. दोन्ही एकत्र पाठवतो.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी मागच्या अंगणात नव्हतो, आणि आत्याने मला काही सांगितलंही नव्हतं.

मी पोत्यांच्या थप्पीमागे खाली बसून चाळण शिवत होतो, तुझ्यापासून दोन हातांवर. तुला मी दिसलो नाही. तुझा प्रश्न मला शब्द न् शब्द ऐकू आला. माझे कान तेव्हा तरुण होते. फटीतून बाबांचा चेहराही दिसत होता. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि डबा उचलला. मला वाटलं, ऐकू आलंय आणि सोंग करतायत. तो शब्द मी वापरला तो तेव्हा.

तू गेल्यावर बाबांनी हातातला डबा खाली ठेवला आणि थप्पीकडे वळून मला विचारलं, "काय म्हणत होती ती?"

मी उभा राहिलो, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि मोठ्याने म्हटलं, "काही नाही. जाते म्हणाली."

"बरं," म्हणाले, आणि पुढचा डबा घेतला.

असं का बोललो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक उत्तर असं, की मला वाटलं ते मला खेळवतायत, स्वतः ऐकून माझ्या तोंडून वदवून घेतायत, म्हणून राग आला. हे उत्तर खरं आहे, पण ते वरचं आहे. खाली दुसरं आहे. दहावीनंतर मला पुढे शिकायचं होतं. गिरणीत दुसरा माणूस हवा होता म्हणून मी राहिलो. तुझं शिक्षण कोणी थांबवलं नाही, आणि आता तू मनासारखं लग्न करून निघाली होतीस, आणि बाबांनी तुझ्या मागे यावं असंही तुला हवं होतं. मला वाटलं, हिला सगळंच का मिळावं? एवढाच क्षण होता तो, चाळणीला दोन टाके घालण्याएवढा.

तरीही तो क्षण निस्तरता आला असता. तुझ्या लग्नाच्या दिवशी बाबांनी गिरणी बंद ठेवली. सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसले. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, "कुठे नाही. कपाटात पडून पिवळा पडतोय, म्हणून घातला." दुपारपर्यंत तसेच बसले होते. तेव्हा मला कळलं, भुतू. त्या पायरीवरच्या माणसाला खरंच ऐकू आलं नव्हतं हे कळलं. आणि कळूनही मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. मग दिवस गेले, आणि प्रत्येक दिवसाने ते आणखी अवघड केलं.

मी रोज प्रार्थना करतो. इतकी वर्षं करत आलो. ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं देवाला सांगत होतो. जणू त्यालाही डावा कान आहे आणि मी तेवढं त्या बाजूला बोलतोय.

क्षमा कर असं लिहिणार होतो. पण हे सगळं वाचून झाल्यावर तुला काय वाटेल ते तुझं तुला वाटू दे.

दादा

९ डिसेंबर

प्रिय भुतू,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'बाबांना सांगितलंस का? आधी त्यांना सांग, मग मला लिही.' अक्षर अजून तसंच आहे, रागात असलं की उजवीकडे झुकतं.

माझ्या मनात होतं की आधी यंत्र बसावं. जे सांगायचं ते त्यांना नीट ऐकू यावं. यंत्र कानात नीट बसावं म्हणून उजव्या कानात मऊ लगदा भरून त्याचा ठसा घेतला, तो मी स्वतः घासून बेतला. गिरणीच्या दगडाला टाकी लावून लावून हाताला घासण्याची समज आली होती, ती इथे उपयोगी पडली. मॅडम वर्गाला म्हणाल्या, "काकांचा ठसा बघा, कुठे टोचणार नाही." इतक्या वर्षांनी शाळेत शाबासकी मिळाली. घरी येऊन तुझ्या वहिनीला तीनदा सांगितलं.

यंत्र बसवल्यावर बाबा रुग्णालयाच्या बोळातून चालत होते, ते मधेच थांबले. "मागून कोण येतंय?"

"कोणी नाही बाबा. तुमच्याच चपला आहेत."

दोन पावलं चालून पुन्हा थांबले, खात्री करायला. घरी आल्यावर भिंतीवरचं घड्याळ, नळ, कागदाची घडी, सगळ्याची चौकशी झाली. तुझी वहिनी म्हणते, आता घरात माझी बोलायची चोरी झाली.

रविवारी सकाळी मी त्यांना बंद गिरणीत घेऊन गेलो. जिथलं तिथेच सांगावं असं वाटलं. उजव्या बाजूला बसलो आणि सवयीने मोठ्याने सुरुवात केली.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "येतंय ऐकू."

मग हळू आवाजात सगळं सांगितलं. थप्पी, चाळण, 'काही नाही, जाते म्हणाली', इस्त्रीचा सदरा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी यंत्र कानातून काढलं, मी शिकवलं होतं तसं बॅटरीचं झाकण उघडं ठेवलं, डबीत घातलं, डबी खिशात टाकली आणि उठून गेले.

दोन दिवस असंच. तुझी वहिनी बोलायची तेव्हा यंत्र कानात. माझी चाहूल लागली की डबीत. तिने त्यांना म्हटलं, "बाबा, असं काय करता?" तर म्हणाले, "त्याचंच शास्त्र आहे. ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा खरोखर माझं ऐकत नव्हते, आणि तो त्यांचा हक्क होता. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी घरात एक गोष्ट जशी आहे तशी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर येऊन डबी ठेवली. "बॅटरी संपली वाटतं."

बॅटरी भरलेली होती. तरी मी बदलून दिली. त्यांनी यंत्र घातलं, खुर्ची ओढली, आणि त्यांचा उजवा कान माझ्याकडे येईल असे बसले.

"तिला लिही," म्हणाले.

"काय लिहू?"

"मला ऐकू आलं नव्हतं, ते तू लिहिलंच असशील. पुन्हा नको. आता कीव येईल तिला." मग म्हणाले, "असं लिही, की बाबा विचारतायत, लग्नाचं बोलावणं अजून आहे का? एकोणीस वर्षं उशीर झाला तर जावई काही म्हणायचा नाही ना?"

मी हसलो. तेही हसले. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "पण तिने स्वतः विचारलं पाहिजे. तुझ्या तोंडून नको. तुझ्या तोंडचं एकदा ऐकलंय मी."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. एक शब्द गाळलेला नाही.

दादा

१७ मार्च

प्रिय भुतू,

तुझं पत्र आलं. चार पानं. बाबांनी स्वतः वाचलं, मग तुझ्या वहिनीकडून मोठ्याने वाचून घेतलं. आता ऐकूही येतं, तर का नाही, म्हणाले. माझ्याबद्दल तू जे लिहिलं आहेस ते वाचताना ती अडखळली, तर बाबा म्हणाले, "वाच, वाच. त्यालाही ऐकू येतं." तू लिहिलंस त्यात काहीच जास्त नाही. शेवटच्या पानावर तू मला पुन्हा दादा म्हटलं आहेस, ते पान मी वेगळं काढून ठेवलं आहे.

मी पास झालो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पेशंटला सूर ऐकवताना सर्वात महत्त्वाची काळजी कोणती?" मी म्हटलं, "मान हलवायची नाही." मागे बसलेली सगळी मुलं खिदळली. सरांना काही कळलं नाही, पण गुण दिले. जूनपासून इथेच कामावर घेतायत. घड्याळजी आजोबा-आजी परवा यंत्र दाखवायला आली होती. आजींची नवी तक्रार लिहून घेतली, 'आता फारच ऐकतात. प्रत्येक वाक्याला उत्तर देतात.'

तू एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मुलीला घेऊन येते आहेस, हे बाबांनी आत्याला, दूधवाल्याला आणि बसच्या कंडक्टरला सांगून झालं आहे. सदरा इस्त्रीला दिला होता, तो आणून खुंटीला लावला आहे. तो जुना नाही, नवा आहे. जुना खरंच पिवळा पडला.

तू विचारलं आहेस, इतक्या वर्षांनी समोर गेल्यावर बोलायचं काय आणि कसं. काय, ते तुला ठाऊक आहे. कसं, ते मी सांगतो. मला तेवढंच शिकवलं आहे.

आधी त्यांच्या समोर ये. चेहऱ्यावर उजेड पडेल अशी उभी राहा. मग उजव्या बाजूला बस. मी खुर्ची मांडून ठेवीन, डावीकडे मुद्दाम काही ठेवणार नाही. पंखा बंद असेल. तोंडावर ओढणी, रुमाल, हात, काही नको. आधी नुसतं 'बाबा' म्हण आणि ते तुझ्याकडे वळेपर्यंत थांब. ओरडू नकोस. ओरडल्याने शब्द मोठा होत नाही, फाटतो. वाक्य तेच म्हण, एकही शब्द बदलू नकोस. ते डिसेंबरपासून त्याच वाक्याची वाट पाहतायत.

विचारून झालं की थांब. लगेच उत्तर आलं नाही तर उठू नकोस. म्हाताऱ्या माणसाच्या कानात शब्द शिरला तरी आत त्याला बरंच चालून जावं लागतं. ते हात यंत्राकडे नेतील, आवाज वाढवतील, कदाचित 'पुन्हा बोल' म्हणतील. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. मग पुन्हा बोल.

मी त्या वेळी मागच्या अंगणात असेन. या वेळी खरोखर.

तुझा
दादा